ओवाळून टाकलेला तुकडा

मला नकला फार चांगल्या जमायच्या. माहेरी, सांगलीला, आमच्या आळीत कुणाकडे पाव्हणा येऊन गेला की संध्याकाळी बायका मला हाक मारायच्या आणि गेलेला पाव्हणा त्यांना पुन्हा एकदा बघायला मिळायचा. त्याची चाल, त्याचं तपकीर ओढणं, ताक पिताना मिशी सावरणं, सगळं. शाळेतल्या बाईंनी एकदा त्यांचीच नक्कल करताना मला पकडलं. छडी मारायला हात वर केला आणि त्यांनाच हसू फुटलं. ही कला मी सत्तेचाळीस सालच्या कार्तिकातल्या एका दुपारी सोडली. का सोडली, ते घरात अजून कुणाला ठाऊक नाही. आता माझे दिवस थोडे उरले, म्हणून लिहून टाकते. लिहितानाही कानशिलं गरम होताहेत, हे आधीच सांगून ठेवते.

त्याच वर्षी वैशाखात माझं लग्न होऊन मी साताऱ्याला आले होते. आज कुणाला सांगून पटायचं नाही, पण तेव्हा सांगली म्हणजे संस्थान आणि सातारा म्हणजे इंग्रजांचा मुलूख. पंचाहत्तर मैलांवर दिलेली मुलगी परमुलखात दिल्यासारखीच. मालक पलटणीत होते. लग्नानंतर पंधरा दिवसांनी रजा संपली आणि ते गेले. घरात राहिलो तिघं. सासरे म्हणजे मामंजी, पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. आणि मी.

आमच्या बाजूच्या बायका बोलताना पुरुषांसारखं 'मी येतो', 'मी जेवलो' म्हणतात. साताऱ्यात पहिल्याच दिवशी हौदावर मी "मी पाणी भरतो" म्हटलं आणि तिथल्या आठ-दहा बायकांना वर्षभर पुरेल एवढी करमणूक मिळाली. "हवालदाराच्या घरात सून न्हाई, गडीच आलाय," म्हणाल्या. दुसऱ्यांच्या नकला करून वाढलेली मी, आता रोज माझीच नक्कल ऐकत घागर भरायची. मला कुणी मैत्रीण नव्हती. मी भाषा बदलली, पदर घ्यायची पद्धत बदलली, तरी त्यांच्या लेखी मी 'सांगलीवाली' ती सांगलीवालीच. एकदा तरी त्यांनी मला आपल्यात घ्यावं, यासाठी मी काहीही केलं असतं. आणि केलंही.

दिवाळीनंतर सिंधमधून आलेली माणसं गावोगाव पोचायला लागली. साताऱ्यात काहींना धर्मशाळेत उतरवलं होतं. तिथं जागा पुरेना, तेव्हा मामंजी कचेरीत जाऊन आपल्या परसातली खोली देतो म्हणून सांगून आले. त्या खोलीत कडबा आणि शेणी असायच्या. दोन दिवस खपून आम्ही ती रिकामी केली, सारवली, चूल घातली.

"नवरा, बायको आन एक चार वर्साची पोरगी हाय," मामंजी आत्याबाईंना सांगत होते. "पोरगीनं बोटीवरच खाणं टाकलंय. क्यांपात डाक्टरनं तपासली. आजार काय न्हाई, भ्यालीय म्हणाला. चमच्यानं दूध घालत्यात त्यावर हाय. पण असंच चाललं तर पोर हाताला लागायची न्हाई, असं बी म्हणाला."

आत्याबाई म्हणाल्या, "काय काय बघून आल्यात कुणाला ठावं. त्यांच्यावरनं तुकडा ओवाळून टाकल्याबिगर उंबऱ्याच्या आत घ्यायचं न्हाई."

लांबून आलेल्या माणसावरून भाकरीचा तुकडा नि पाणी ओवाळून टाकायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. वाटेत लागलेली नजर, भूतखेत, जी काय इडापीडा मागं लागली असेल ती त्या तुकड्याबरोबर बाहेर जाते. पण आत्याबाईंचं याबाबतीत जरा जास्तच होतं. त्या सापाला भीत नसत तेवढ्या नजरेला भीत. पलटणीतल्या मुलाचं पत्र यायला उशीर झाला की त्या मीठ-मोहऱ्यांनी अख्खं घर उतरून टाकायच्या.

ते तिघं दुपारी बाराच्या सुमाराला टांग्यातून उतरले. एक ट्रंक, दोन वळकट्या. नवरा उंच, पण पार वाकलेला. बाई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल. पांढरा सैल पायजमा, वर लांब कुडतं, डोक्यावर ओढणी. पायजमा घातलेली बाई मी जन्मात पहिल्यांदाच बघत होते. मुलगी तिच्या कडेवर होती. डोळे उघडे, पण कशाकडेच बघत नव्हती.

मामंजी पलटणीतल्या हिंदीत "आव, आव, तुम्हारा ही घर है" म्हणाले. ती तिघं उंबऱ्यासमोर ओळीनं उभी राहिली. मी आदल्या रात्रीची शिळी भाकरी नि तांब्या घेऊन पुढं झाले. नवऱ्यावरून तुकडा ओवाळला आणि उजवीकडं टाकला. बाईवरून ओवाळला, डावीकडं टाकला. तिसरा मुलीवरून ओवाळला आणि टाकताना हात जरा आखडला असेल, तो पायरीवरच पडला.

बाई झटकन वाकली. तिनं तो तुकडा उचलला, फुंकर घालून माती उडवली, कपाळाला लावला. आपल्याकडं देवळात प्रसाद सांडला तर लावतात तसा. मग त्याचा कोपरा मोडून मुलीच्या ओठांवर धरला आणि आपल्या भाषेत हळू काहीतरी म्हणाली.

आणि मुलीनं तोंड उघडलं.

ती चावायला लागली. शिळी, कडक भाकरी, पण ती दोन्ही गाल हलवत चावत होती. तिच्या बापानं ट्रंक खाली ठेवली आणि तोंडावर हात घेतला. बाईचे डोळे भरून आले होते. तिनं राहिलेला तुकडा मुलीच्या मुठीत दिला, माझ्याकडं वळून हात जोडले, मग आत्याबाईंपुढं जोडले, मग घरालाच जोडले.

"आगं बया! आगं, आगं!" आत्याबाई पुढं धावल्या. मामंजींनी त्यांना हातानं अडवलं.

"गप ऱ्हा," ते म्हणाले. "पोर खातीय. किती दिसांनी खातीय. खाल्लं तर खाल्लं. कुणी एक अक्षर बोलायचं न्हाई तिच्याम्होरं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "सूनबाई, तुमाला बी सांगतोय."

मला का वेगळं सांगितलं, तर मी पदर तोंडात कोंबून हसत होते. आज वाटतं, त्या क्षणी मी काय बघितलं? एका आईनं उपाशी पोरीला घास भरवला, हे बघितलंच नाही. ओवाळून टाकलेला तुकडा कुणीतरी खाल्ला, एवढंच बघितलं. आणि मनात पहिला विचार आला तो हा, की ही गंमत हौदावर सांगितली तर काय बहार येईल.

दुपारी दोनला मी धुणं घेऊन हौदावर गेले. बायका वाटच बघत होत्या.

"काय गं सांगलीवाले, आली का तुमची पाकिस्तानीण? पायजमा घालती म्हनं?"

सहा-सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला बसायला दगड दिला. माकडाच्या हाती कोलीत मिळालं. मी आधी पायजम्याची चाल करून दाखवली. मग नवऱ्याचं वाकणं. हसू वाढत गेलं तशी मी वाहवत गेले. शेवटी ओल्या पातळाचं गाठोडं कडेवर मूल म्हणून घेतलं आणि उंबऱ्यासमोरची सगळी कथा सुरू केली. ओवाळणारी मी, उचलणारी तीही मीच. तुकडा उचलून फुंकर घातली, कपाळाला लावला, गाठोड्याला भरवला, हौदाला हात जोडले. एक म्हातारी हसता हसता कठड्याला धरून खाली बसली. एकीनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "लय गुणाची हायस गं तू!" ती थाप मला अजून आठवते. मी किती सुखावले होते, तेही आठवतं.

तेवढ्यात बायका एकदम गप झाल्या. मी वळून बघितलं. ती बाई बादली घेऊन माझ्या मागं उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

ती हसत होती. बहुधा आपलीच नक्कल आहे हे तिला कळलं होतं, आणि शेजारणी आपली थट्टा करताहेत म्हणजे आपल्याला आपलं मानताहेत, असं तिला वाटलं असावं. तिनं मान डोलावली, कपाळाला हात लावून दाखवला, म्हणजे 'हो, मीच ती.' मग सगळ्यांकडं बघून हातानं विचारलं, यात हसण्यासारखं काय?

इथं मी थांबू शकले असते. नुसतं हसून बादली भरून दिली असती तरी चाललं असतं. मामंजींनी मला वेगळं बजावलं होतं. पण बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या, आता ही काय करते म्हणून. मला राहवलं नाही. जित्याची खोड.

मी एक शब्दही बोलले नाही. तिच्यासमोर गेले. तिच्या डोक्यावरून पायापर्यंत दोन्ही हात उतरवले, अंगाला चिकटलेलं काहीतरी ओरबाडून काढल्यासारखे. माझ्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. डोळे फिरवून, जीभ बाहेर काढून, ते काय भयंकर आहे ते दाखवलं. ते सगळं एका तुकड्यात भरलं आणि तुकडा लांब फेकला. मग कुत्रं झाले. फेकलेल्याजवळ गेले, वास घेतला, आणि कुत्रंसुद्धा शेपूट घालून मागं सरलं. बायका पुन्हा खिदळल्या. शेवटी मी गाठोड्याच्या तोंडाकडं बोट केलं.

तिला मराठी येत नव्हतं आणि मला सिंधी. पण माझी नक्कल फार चांगली होती. तिला सगळं कळलं.

तिचं हसू विझायला वेळ लागला. ते आधी डोळ्यांतून गेलं, मग ओठांवरून. बादली तिच्या हातातून सुटली नि ती धावत सुटली. पायजम्यात पाय अडखळला, पडली, उठली, तशीच धावली. यावेळी कुणी हसलं नाही. "आता गं?" एकजण म्हणाली. मी तिची बादली उचलली नि घराकडं निघाले. मनात म्हणत होते, काय होणार आहे? फार तर रुसेल.

परसात आले तर खोलीचं दार सताड उघडं होतं. तिनं मुलीला मांडीवर पालथं घातलं होतं आणि स्वतःची दोन बोटं तिच्या घशात घातली होती. मुलगी हातपाय झाडत होती. नवरा बायकोचा हात ओढत होता, पण तिच्या ताकदीपुढं त्याचं काही चालत नव्हतं. मग मुलीला उलटी झाली. सारवलेल्या जमिनीवर भाकरी पडली, चावलेली, ओली. बाईनं ती सगळी दोन्ही हातांनी गोळा केली, बाहेर नेऊन शेणाच्या खड्ड्यात टाकली, हात मातीनं घासले. परत येऊन मुलीचे ओठ ओढणीनं पुसायला लागली. पुसतच राहिली. कितीतरी दिवसांनी त्या मुलीच्या पोटात गेलेलं अन्न, या मुलखातला पहिला घास, तो मी बाहेर काढला होता. बोटं आईची होती, एवढंच.

मामंजी नि आत्याबाई धावत आले. मामंजींनी एकदा खोलीत बघितलं, एकदा माझ्या हातातल्या बादलीकडं.

"हिला कुणी सांगितलं?"

"हौदावरच्या बायकांनी," मी म्हणाले.

हे इतक्या सहज तोंडातून गेलं, की मलाच आश्चर्य वाटलं. आत्याबाईंनी पदर खोचला. "कोन सटवी ती? दावतेच तिला," म्हणत त्या तरातरा हौदाकडं गेल्या. आता बायका सांगणार, आणि का सांगू नये? मी चुलीपुढं जाऊन बसले. पळून सांगलीला जावं, असंही मनात आलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं अंगणात पाऊल वाजलं की मी दचकत होते.

खोचलेला पदर सोडून आत्याबाई परत आल्या. मला वाटलं, आता झिंज्या धरतील. धराव्यात, असंही वाटत होतं. त्या चुलीशी आल्या, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "भाकरी थाप."

मी थापली. पीठ नीट मळलं गेलं नाही, कडेला चिरली. त्यांनी ती तव्यावरून तशीच गरम उचलली नि परसात गेल्या. मी दाराआड उभी राहिले.

मुलगी आईच्या मांडीवर निपचित पडली होती. आत्याबाई तिच्यासमोर बसल्या. भाकरीचा तुकडा मोडला, तिच्यावरून ओवाळला. एकदा, दोनदा, तीनदा, डोक्यापासून पायापर्यंत, सगळं रीतसर. आणि तो तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला.

मामंजी "आगं—" म्हणून थांबले. आत्याबाई चावत होत्या. एकुलता एक मुलगा तिकडं उत्तरेत पलटणीबरोबर होता, दीड महिना पत्र नव्हतं, आणि ही बाई दुसऱ्याच्या पोरीची इडापीडा गिळत होती.

"बघ," त्या बाईला म्हणाल्या. "खाल्ली मी. काय झालं? काय न्हाई हुत. माझी सून लबाड बोलली तुला. खुळी हाय ती. हे अन्न हाय, बाई. नुसतं अन्न."

भाषा कळली नसेल, पण ती आत्याबाईंच्या तोंडाकडं बघत राहिली, घास गळ्याखाली उतरेपर्यंत. मग तिनं मुलीला बसतं केलं. आत्याबाईंनी दुसरा तुकडा फुंकून गार केला आणि मुलीपुढं धरला. मुलगी तोंड घट्ट मिटून होती. आत्याबाई तशाच हात धरून बसल्या. बऱ्याच वेळानं, ऊन भिंतीवरून उतरल्यावर, मुलीनं नखाएवढा घास घेतला. मग आणखी एक. अर्धी चतकोरही खाल्ली नसेल, पण पोटात राहिली.

मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. त्या दिवशी नाही, पुढंही नाही. आत्याबाईंनी ते प्रकरण माझ्यासमोर पुन्हा काढलं नाही आणि मला क्षमाही मागता आली नाही. शिव्या खाल्ल्या असत्या तर फिटलं असतं काहीतरी.

संध्याकाळी त्या तिघांसाठी मी भात नि आमटी घेऊन गेले. ताट ठेवलं, पण मला उठवेना. बाई ताटाकडं बघत होती. तिला काय वाटत असेल या विचारानं मी इतकी कानकोंडी झाले, की ताटातला एक घास कडेनं वेगळा काढला, तिच्यासमोर खाल्ला आणि मग ताट पुढं सरकवलं. तिनं मान डोलावली आणि मुलीला भरवलं. दुसऱ्या दिवशीही मी तसंच केलं. तिसऱ्या दिवशीही. ती मंडळी आमच्याकडं सात महिने राहिली, आणि माझ्या हातानं त्यांना जे जे गेलं, लोणच्याच्या फोडीपासून होळीच्या पोळीपर्यंत, त्यातलं आधी मी खाऊन दाखवलं. ती हळूहळू मराठी शिकली, माझ्याशी हसू-बोलू लागली. त्या दुपारबद्दल मात्र ती कधी बोलली नाही आणि मीही नाही.

पुढं तिच्या नवऱ्याच्या नात्यातल्या कुणी सांगलीत कापडाचं दुकान काढलं, ती मंडळी तिकडं गेली. दोन वर्षांनी मी बाळंतपणाला माहेरी गेले असताना त्यांच्या घरी गेले. तिनं दारातच मला मिठी मारली. आतून मुलगी धावत आली, गुबगुबीत, दोन वेण्या घातलेली. आमच्या सांगलीची मराठी बोलत होती, "काकू, मी पहिलीत जातो," म्हणाली. मला हसू आलं नि रडूही.

बाईनं लिंबाचं सरबत केलं. पेला माझ्यासमोर आणला, पण दिला नाही. आधी त्यातलं थोडं आपल्या तळहातावर ओतलं, माझ्याकडं बघत ते पिऊन टाकलं, आणि मग दोन्ही हातांनी पेला माझ्यापुढं धरला.

माझं तोंड उतरलेलं बघून मुलगी म्हणाली, "प्या की काकू. आई सगळ्या पाव्हण्यांना असंच देती. तुमच्या मुलखात आधी आपण खाऊन दावायचं असतंय, मगच पाव्हण्याला द्यायचं. तुमच्याकडनंच शिकली ती."

बाई कौतुकानं हसली. आपण रीत बरोबर पाळली ना, असं तिच्या तोंडावर होतं.

मी तो पेला घेतला आणि सगळं सरबत प्यायले. आमच्या मुलखात अशी रीत नाही, हे मी तिला सांगितलं नाही.